घर आवरते कोण?

दिवाळी तोंडावर आली की गृहिणींना उपदेश करणाऱ्यांना ऊत येतो. घर कसे प्रसन्न असावे, उंबऱ्यात पाऊल टाकताच पाहुण्याचे मन कसे निवावे, घरात मोठा आवाज कसा नसावा, हे जो तो सांगू लागतो. या उपदेशातले प्रत्येक वाक्य एकाच शब्दाने सुरू होते : ‘गृहिणीने’. गृहिणीने जाळी-जळमटे काढावीत, गृहिणीने वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात, गृहिणीने हसतमुख असावे. घर बिघडले तर तिचा आळस. घर शोभले तर ‘वहिनींच्या हाताला वळण आहे हो!’ माझे भांडण आहे ते या एका शब्दाशी. सणासुदीला भांडण काढते म्हणून वाचकांनी रागावू नये. फराळाच्या ताटात थोडी तिखट शेवही असतेच.

आधीच सांगून टाकते, पसाऱ्याची वकिली मला करायची नाही. ‘पसाऱ्यातच घराचा जिवंतपणा असतो’ असे म्हणणारे रसिक मला पुष्कळ भेटले आहेत, आणि त्यांचा पसारा उचलणारे माणूस दर वेळी दुसरेच निघाले आहे. शाळेत तीस वर्षे शिकवून मी निवृत्त झाले. सकाळी कंपासपेटी शोधताना घरात आरडाओरडा होऊन आलेले मूल आणि दप्तर रात्रीच भरून ठेवून आलेले मूल, यांतला फरक मला पहिल्या तासालाच कळत असे. घरातली शांतता बरीचशी अशा लहानसहान व्यवस्थेवरच उभी असते. तेव्हा घर आवरलेले असावे, शांत असावे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो, ते कुणाच्या जिवावर, याविषयी.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर एक पाहणी केली. माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, हे त्यात विचारले होते. सहा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी ८१ जणी दिवसभरात आपल्या घरचे बिनपगारी काम करतात आणि शंभर पुरुषांपैकी २६ जण करतात, असे त्यात आढळले. बरे, जे करतात ते तरी किती? त्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास. ते पुरुष ९७ मिनिटे. हीच पाहणी २०२४ साली पुन्हा झाली, तेव्हा आकडे निघाले २८९ आणि ८८. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली, तर पुरुषांनीही तत्परतेने आपली नऊ मिनिटे वाचवून घेतली!

यावर ठरलेले उत्तर असे, की पुरुष बाहेर राबतो, बाई घरात राबते. कामाची वाटणी आहे, अन्याय कसला? हे उत्तर पटण्यासारखे वाटते, पण दोन प्रश्न विचारले की ते गळून पडते. पहिला : जी बाई स्वतःही नोकरी करते, तिची घरातली वाटणी निम्मी होते काय? सायंकाळी दोघे एकाच गाडीने घरी येतात. एकजण वर्तमानपत्र किंवा मोबाईल घेऊन टेकतो आणि दुसरी पदर खोचून ओट्यापाशी उभी राहते. दुसरा प्रश्न : अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी पुरुष निवृत्त होतो, त्याला शाल-श्रीफळ मिळते, त्याचे बाहेरचे राबणे संपते. मग त्या दिवसापासून घरातले निम्मे काम त्याच्याकडे येते काय? उलट, दिवसभर घरी असलेल्या या नव्या माणसाच्या चहाच्या दोन वेळा तेवढ्या वाढतात.

आपल्या भाषेत एक सुंदर म्हण आहे : हात फिरे तिथे लक्ष्मी वसे. तो हात बाईचाच असला पाहिजे, असे म्हणीत कुठेही नाही. लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो, घरातला कर्ता पुरुष तिला हात जोडतो. वर्षातून एकदा हात जोडायला जिची लाज वाटत नाही, ती उरलेल्या दिवसांत हातात धरायला का वाटावी? याच महाराष्ट्रात गाडगे महाराजांनी खराटा हातात घेऊन गावेच्या गावे झाडली. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांची मने झाडायची, हा त्यांचा क्रम. १९५६ साली ते गेले. त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान निघाले, त्यांच्या नावाचे विद्यापीठ अमरावतीत आहे. त्यांच्या तसबिरीला हार घालून घरी आलेला माणूस जेवलेले ताट जागेवरच सोडून उठतो, तेव्हा त्याने बाबांकडून घेतले तरी काय?

माझ्या माहेरचे घर सगळ्या आळीत नावाजलेले होते. चादरीला सुरकुती नाही, फडताळात डब्यांची रांग कवायतीसारखी. आईने सत्तरी ओलांडली आणि एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरून तिचे खुब्याचे हाड मोडले. तीन आठवडे ती दवाखान्यात होती. वडील कचेरीतले हेडक्लार्क. तिथली वीस वर्षांपूर्वीची फाईल अंधारात काढून देतील असा त्यांचा लौकिक. पण घरात साखर कुठल्या डब्यात आहे, दूधवाल्याचे पैसे कधी द्यायचे, गॅसचे पुस्तक कुठे असते, यातले त्यांना काही ठाऊक नव्हते. रोज संध्याकाळी ते खाटेशी बसत आणि विचारत, ‘‘अगं, मेतकूट कुठं ठेवलंयस?’’ आणि वेदनेने कण्हणारी आई सांगे, ‘‘अहो, दुसऱ्या फळीवर, चहाच्या डब्याच्या मागं.’’ चौथ्या दिवशी ते घर ओळखू येईना.

माझ्या वडिलांना नावे ठेवण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यांना कुणी कधी शिकवले नाही, आणि त्यांच्या पिढीत ते शिकणे कमीपणाचे मानले जाई. मला दाखवायचे आहे ते एवढेच, की जे घर एकाच माणसाच्या डोक्यात आवरलेले असते, ते मुळी आवरलेले नसतेच. तिजोरीची किल्ली एकाकडेच असावी, तसा तो प्रकार. घर खरोखर नीटनेटके आहे की नाही, याची माझी कसोटी साधी आहे. घरातले कोणतेही एक माणूस आठ दिवस बाजूला झाले तर घर चालते काय? चालत असेल तर त्या घराला वळण आहे. चालत नसेल तर तिथे एक राबणारी आहे आणि बाकीचे पाहुणे आहेत.

कुणी म्हणेल, आम्ही बाई ठेवली आहे, आमच्याकडे हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे, तो फक्त दुसऱ्या पत्त्यावर गेला आहे. चार घरची धुणीभांडी करून ती बाई आपल्या खोलीवर परतते, तेव्हा तिथला केर कोण काढते? तिची आठवीतली मुलगी. आणि म्हणून त्या मुलीचा गृहपाठ राहतो. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी मंडळ नेमण्याचा कायदा २००८ साली झाला. कायद्याने जे व्हायचे ते होवो. पण तिच्या सुट्टीचा दिवस आपल्या घरात ठरलेला आहे काय, आणि त्या दिवशी भांडी कोण घासते, हे तर आपणच ठरवायचे आहे ना?

आता शांततेविषयी. पुष्कळ घरांत शांतता म्हणून मिरवली जाते ती वस्तुतः भीती असते. जिन्यात वहाणांचा आवाज आला की मुलांचे हसणे थांबते, रेडिओ किंवा टीव्हीचा आवाज खाली येतो, आई खुणेने ‘गप्प’ म्हणते. पाहुण्यांना वाटते, काय शिस्त आहे! अलीकडे दुसऱ्या जातीची शांतता आली आहे. चार माणसे चार कोपऱ्यांत आपापल्या मोबाईलमध्ये डोके घालून बसलेली. कुणाचे कुणाशी भांडण नाही, कारण कुणाचे कुणाशी बोलणेच नाही. मी शांत घर त्याला म्हणते, जिथे सर्वांत धाकट्या माणसाला आपले म्हणणे सांगताना आवाज चढवावा लागत नाही.

‘जागा लहान, म्हणून पसारा’ हेही मला पटत नाही. मुंबईच्या बी.डी.डी. चाळींत १९२० च्या दशकापासून कुटुंबे राहत आली, ती १६० चौरस फुटांच्या खोलीत. सकाळी वळकट्या गुंडाळल्या की निजायची खोली बसायची होई, आणि दुपारी तिथेच पापड वाळत. वळकटी ज्याची त्याने उचलली नाही तर दुसऱ्याला पाऊल ठेवता येत नसे. जागेच्या टंचाईने हा धडा आपसूक मिळे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीला ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. फार आनंदाची गोष्ट झाली. मात्र त्या नव्या घरात वळकटी जाऊन पलंग येईल, तेव्हा पांघरुणाची घडी घालणे आईच्या एकटीच्या वाट्याला जाऊ नये, एवढीच माझी इच्छा.

तेव्हा माझे मागणे मोठे नाही. मुलगा आणि मुलगी दोघांनाही आपले ताट आपण उचलायला शिकवा. सून पाहताना तिच्या हाताचे वळण पाहता, तसे जावई पाहताना त्याच्याही हाताचे पाहा. आणि ‘मी बायकोला मदत करतो’ असे कौतुकाने सांगणाऱ्या गृहस्थांना माझी विनंती आहे, की मदत शेजाऱ्याला करतात; आपल्या घरी करतो ते काम. या दिवाळीत माळ्यावरची भांडी काढायला शिडीवर चढाल, तर ती घासून पुसून पुन्हा वर ठेवेपर्यंत खाली बसू नका. पाडव्याच्या ओवाळणीत साडीपेक्षा ही ओवाळणी तिला अधिक काळ पुरेल.