शिक्षकाची बढती आणि वर्गाची हानि

सर्वोच्च न्यायालयानें 1 सप्टेंबर 2025 रोजीं शिक्षक पात्रता परीक्षेविषयीं जो निकाल दिला, त्यानें महाराष्ट्रांतील शिक्षकवर्गांत मोठी खळबळ उडाली. शिक्षणहक्काच्या कायद्यापूर्वीं नेमलेल्या ज्या शिक्षकांच्या सेवेचीं पांचांहून अधिक वर्षें उरलीं होतीं त्यांनीं दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावें. ज्यांचीं त्याहून कमी उरलीं होतीं त्यांनीं आहे त्या जागीं सेवा पुरी करावी, परंतु बढती हवी असल्यास त्यांसहि परीक्षेवांचून गत्यंतर नाहीं, असा त्याचा आशय. नोकरी राहणार कीं जाणार, ह्या चिंतेनें माजलेला गलबला आम्हांस समजतो. तथापि त्यांत एक मोठा प्रश्न लोपून गेला. शिक्षकाची बढती कोणत्या गुणावर व्हावी, आणि ती झाल्यावर तो शिक्षक राहावा कीं नाहीं?

आजची शिडी कशी आहे तें पाहूं. खासगी शाळांत 1977 चा कायदा व 1981 चे नियम ह्यांप्रमाणें मुख्याध्यापकाची जागा पात्र शिक्षकांपैकीं सेवेनें ज्येष्ठ असेल त्यास मिळते. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षकाचा मुख्याध्यापक होतो, पुढें केंद्रप्रमुख, त्यापुढें विस्तार अधिकारी. ह्या शिडीची प्रत्येक पायरी फळ्यापासून एक पाऊल दूर नेते. मुख्याध्यापकाचा दिवस पोषण आहाराच्या तांदुळाचा हिशेब व संगणकावरील माहितीचे तक्ते भरण्यांत जातो. केंद्रप्रमुखास तर स्वतःचा वर्गच नसतो. ज्या पेढीवर उत्तम पारखी असतो, त्यास बढती म्हणून वखारीच्या किल्ल्या सांभाळावयास कोणी शहाणा व्यापारी बसवीत नाहीं. शाळांत मात्र आपण नेमकें तेंच करतों.

वर्गांत राहून वर चढण्याची वाट मुळींच नाहीं असें नव्हे. 1983 सालीं नेमलेल्या चट्टोपाध्याय आयोगानें शिक्षकांच्या स्थितीचा विचार केला, आणि त्यापुढें आपल्याकडे बारा वर्षांनीं वरिष्ठ व चोवीस वर्षांनीं निवडश्रेणी ही व्यवस्था आली. हेतु स्तुत्य होता. परंतु निवडश्रेणीचा लाभ शेंकडा 20 जणांपुरताच ठेवला, आणि दोन्हींचा आधार मुख्यतः वर्षांची मोजणी व ठराविक प्रशिक्षण हाच राहिला. वर्गाच्या मागील बांकावर बसून हा मनुष्य शिकवितो कसा, हें पाहण्याचें काम कोणाकडेच नीट सोंपविलेलें नाहीं.

ज्येष्ठतेचे कैवारी म्हणतील कीं, हा नियम मोडल्यास संस्थाचालकांचे भाचे व जांवई मुख्याध्यापक होतील. ही भीति खोटी नाहीं. ज्येष्ठता ही दुर्बळ शिक्षकाची ढाल आहे. परंतु ढालीनें वार चुकतो, शेत नांगरलें जात नाहीं. उलटपक्षीं, केवळ परीक्षेवर भिस्त ठेवणारेहि अर्धेंच सत्य सांगतात. परीक्षेस आमचा विरोध नाहीं. तराजूची ठराविक काळानें तपासणी होते तशी विद्येचीहि व्हावी. परंतु पुस्तकी ज्ञान मोजणारी परीक्षा, वाचतां न येणाऱ्या चौथींतील मुलास हा शिक्षक वाचावयास लावील कीं नाहीं, हें सांगूं शकत नाहीं.

हा विचार नवा नाहीं. 1882 सालीं हंटर आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं, ज्या ग्रामशिक्षकाचीं अधिक मुलें उत्तीर्ण होतात त्यास पगाराखेरीज विशेष भत्ता द्यावा, असें सुचविलें होतें. त्या शिक्षकानें कचेरींत जावें असें त्यांनीं म्हटलें नाहीं. सिंगापुरानें 2001 पासून शिक्षकांस तीन वाटा खुल्या केल्या: अध्यापनाची, शाळेच्या नेतृत्वाची व विषयतज्ज्ञाची. आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांतहि केवळ सेवाकाळावर बढती नसावी, असें स्पष्ट म्हटलें आहे. धोरण झालें, शिडी मात्र उभी राहिली नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें असें. उत्तम शिक्षकास वर्गांत राहूनच मुख्याध्यापकाइतका पगार व मान मिळावा. त्याची पारख एका माणसाच्या मर्जीवर न ठेवतां, मुख्याध्यापक व बाहेरचे दोन अनुभवी शिक्षक ह्यांनीं अनेक वेळां पाठ पाहून लेखी करावी, आणि तिच्यावर दाद मागण्याचा हक्क शिक्षकास असावा. ज्यास कारभाराची आवड आहे त्यास नेमणुकीपूर्वीं त्याचें शिक्षण द्यावें, व हिशेबासाठीं लेखनिक द्यावा. ज्यास मुलांचें मन जाणण्याची हातोटी आहे त्यास समुपदेशकाची वाट मोकळी असावी. ह्यास पैसा लागेल. परंतु ज्या शाळेंत सर्वांत चांगला शिकविणारा टेबलामागें बसून तक्ते भरतो, तेथें होणारा तोटा कोणत्याच खतावणींत चढत नाहीं, म्हणून तो नाहींच असें कोणी समजूं नये.

सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत असा कायदा आहे. तेथें भिंतीचा रंग व छपराचीं कौलें ह्यांचा विचार पुष्कळ होतो. पुढील सभेंत आमच्या वाचकांनीं एवढेंच विचारावें: आपल्या शाळेंतील सर्वांत चांगला शिक्षक आज कोणता वर्ग शिकवीत आहे?