झुरळाचे ‘दूध’ आणि विसरलेले पाणी

२०१६ मध्ये बेंगळुरूच्या ‘इनस्टेम’मधील संशोधकांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि ‘झुरळाचे दूध तिप्पट पौष्टिक’ अशी आवई माध्यमांनी उठवली. वास्तविक दोहन झालेच नव्हते. डिप्लोप्टेरा पंक्टाटा हे झुरळ अंडी न घालता पिल्लांना जन्म देते. त्याच्या भ्रूणांच्या आतड्यातून प्रथिनांचे सूक्ष्म स्फटिक काढले गेले. तिप्पट ऊर्जा, पण कशाच्या? तेवढ्याच वजनाच्या द्रव दुधाच्या, ज्यात बहुतांश पाणीच असते! याच न्यायाने किराणा दुकानातील दूधभुकटी सातपट ‘पौष्टिक’ ठरावी. एकाच स्फटिकात किंचित भिन्न प्रथिनरेणू सुखाने नांदतात, आणि तरीही त्याची रचना १.२ अँगस्ट्रॉमपर्यंत उलगडते, हे खरे नवल मात्र मथळ्यांत मावले नाही.