भिंतीला रंग नंतर, आधी ओल शोधा



गेल्या पावसाळ्यात आमच्या एका सभासदाकडे ग्वाल्हेरहून पाहुणे आले. नई सडकेवर राहणारं मराठी कुटुंब, तिकडच्या कोरड्या हवेची सवय. घरात पाऊल टाकताच त्यांच्यातल्या मावशी म्हणाल्या, "अगं, हा कुबट वास कसला?" घरच्यांना वास येतच नव्हता, त्यांचं नाक सरावलेलं. कपाट सरकवलं तर मागची भिंत काळी. त्याच भिंतीला लागून पोराची गादी, आणि पोरगं जूनपासून खोकत होतं. औषधाच्या दोन बाटल्या संपल्या, पण भिंतीकडे कोणी बघितलं नाही.

हे एकाच घरचं नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या वर, आणि बाकी सगळं घरात: ओली जाळी, सुकटीची पोती, दोरीवरचे कपडे. दारं-खिडक्या बंद. त्यात रायगडच्या किनाऱ्यावर 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात पत्रे उडाले, ते घाईघाईत ठोकले, आणि काही घरांत आजही तिथूनच पाणी उतरतं. भिंत ओली राहिली की एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. तिचे बारीक कण श्वासातून आत जातात. मग शिंका, वाहतं नाक, डोळ्यांना खाज, रात्रीचा खोकला, छातीत घरघर. दमा असलेल्याचा दमा उठतो. लहान पोरं आणि म्हातारी माणसं जास्त भोगतात.

ओळखायची एक खूण आपल्या धंद्यातच आहे. तांडेल चार दिवस समुद्रावर असतो तेव्हा खोकला थांबतो आणि घरी झोपला की पुन्हा सुरू होतो, असं असेल तर घर तपासा. बायका-पोरं घरातच असतात, त्यांना फरक कळायला वावच मिळत नाही.

एक गैरसमजही काढून टाकू. 2021 ला कोरोनानंतर जी "काळी बुरशी" आली तो आजार वेगळा. तो मुख्यतः साखर ताब्यात नसलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना झाला. भिंतीवरचे काळे डाग म्हणजे तो आजार नव्हे. पण म्हणून ते डाग निरुपद्रवीही नव्हेत.

आता आमचं खरं म्हणणं. होडीत पाणी येत असेल तर आपण आधी भोक शोधतो, फट भरतो, मग रंग देतो. गळक्या होडीला नुसता रंग फासणाऱ्याला अख्खी वाडी हसेल. घराला मात्र आपण दर वर्षी तेच करतो. गणपती आले की काळ्या भिंतीवर रंग, आणि दिवाळीला पुन्हा काळी.

इंग्लंडमध्ये रॉचडेल गावी भाड्याच्या घरात राहणारा अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर 2020 मध्ये गेला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळेच त्याला श्वासाचा आजार झाला, असं 2022 मध्ये चौकशीत ठरलं. वडिलांनी 2017 लाच तक्रार केली होती. त्यांना सांगितलं गेलं, वरून रंग मारा. पुढे त्या मुलाच्या नावाने तिथे कायदा झाला.

मग आता काय करायचं? कपाट, गादी भिंतीपासून वीतभर लांब. जाळी आणि सुकट झोपायच्या खोलीत नको. पाऊस उघडला की समोरासमोरच्या खिडक्या उघडा. बुरशी कोरडी झाडू नका, कण उडतात. तोंडाला फडकं बांधून साबणाच्या पाण्याने घासा आणि भिंत पूर्ण सुकवा. ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. दमेकऱ्याने हे काम करू नये. बुरशी धरलेली गादी, खोके, पोती टाकून द्या. सुकटीला बुरशी आली तर पुसून खाऊ नका, विकूही नका.

दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, तिथे क्षयाची तपासणी फुकट होते. सगळ्याचं खापर भिंतीवर नको. डॉक्टरने पंप दिला तर घाबरू नका, त्याची सवय लागत नाही. श्वास घेताना पोराच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा ओठ निळे पडत असतील, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा.

आपले आजोबा मृगाआधी घर शाकारायचे. पत्रे आणि स्लॅब आले आणि ती चाल मोडली. येत्या सभेत आम्ही मांडणार आहोत की मे महिन्यात होडीच्या डागडुजीबरोबर घराच्या डागडुजीचीही यादी करायची, आणि पत्रे, सिमेंट सगळ्यांनी मिळून एकदम आणायचं. तोवर आज प्रत्येकाने एक काम करावं. कपाट सरकवून मागची भिंत बघावी.

आपला,
सचिव