शेंडेनक्षत्राचा दोष बाळाच्या माथी कशाला?

मैत्रिणींनो, या आठवड्यात एका भगिनीचं पत्र वाचता वाचता हातातला चहा गार झाला. तिच्या धाकट्या जावेला ऑक्टोबर २०२४ मध्ये मुलगी झाली. त्याच दिवसांत संध्याकाळी पश्चिमेला शेपटीचा तारा दिसत होता. पुढं दोन महिन्यांत सासऱ्यांना दुकानात खोट आली, आणि सासूबाईंनी नातीला नाव ठेवलं, ‘शेंडेनक्षत्र’! आता पोर चालू लागलीय आणि त्या हाकेला ओ देतेय. जाऊ एकटी असली की रडते. “मी काय करू?” असं ही भगिनी विचारते.

ताई, सासूबाईंशी बोलण्याआधी हे शेंडेनक्षत्र म्हणजे काय ते नीट समजून घ्या, म्हणजे नुसता वाद होणार नाही.

धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा गोळा. सूर्याजवळ आला की तो तापतो, बर्फाची वाफ होते, धूळ सुटते आणि तिचीच शेपूट दिसते. शास्त्रज्ञ त्यांचे प्रकार पाडतात ते मुख्यतः फेरीच्या मुदतीवरून. आपण नाही का म्हणत, हा नेहमीचा पाहुणा आणि हा कधीमधी उगवणारा? तसंच.

वीस वर्षांच्या आत फेरी पुरी करणारे बहुतेक धूमकेतू गुरूच्या कुटुंबातले. गुरूच्या ओढीनं त्यांची वाट वळलेली असते. ज्याच्यावर २०१४ मध्ये यान उतरलं तो धूमकेतू यांतलाच, साडेसहा वर्षांनी येणारा. वीस ते दोनशे वर्षं घेणारे ते हॅलेच्या जातीचे. स्वतः हॅले १९१० मध्ये आला, १९८६ मध्ये आला आणि आता २०६१ मध्ये येईल. दोनशेहून अधिक वर्षं घेणारे ते दीर्घ मुदतीचे. १९९७ मध्ये आपण गच्चीवरून पाहिलेला हेल-बॉप हा त्यांतला. आणि काही तर आपल्या सूर्याच्या घरचेच नव्हेत. २०१९ चा बोरिसोव्ह दुसऱ्याच ताऱ्याकडून आलेला, एकदा डोकावून कायमचा गेला.

यांची नोंदवहीही असते. ठराविक मुदतीनं परतणाऱ्याला ‘पी’, दीर्घ मुदतीच्याला ‘सी’, फुटून किंवा हरवून गेलेल्याला ‘डी’ आणि बाहेरून आलेल्याला ‘आय’.

तुमच्या घरी ज्याच्यावर ठपका आहे, त्याचं नोंदवहीतलं नाव ‘सी/२०२३ ए३’. म्हणजे २०२३ सालच्या जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सापडलेला, त्या पंधरवड्यातला तिसरा. नीट बघा हं, जानेवारी २०२३! तुमच्या जावेला दिवस जायच्याही वर्षभर आधी त्याची नोंद झाली होती. तो सूर्याजवळ कधी येणार याचं गणितही बाळाच्या जन्माआधीच मांडून झालं होतं. मग तो पोरीमुळे आला की पोर त्याच्यामुळे? आणि तो साऱ्या जगाला दिसला. सगळ्यांच्याच दुकानात खोट आली का?

सासूबाईंना हे चारचौघांत सांगू नका. दुपारी निवडणं-टिपणं चाललं असताना सहज विषय काढा. मुख्य म्हणजे मुलीच्या बापाला बोलायला लावा. लेक त्याची आहे, सगळा भार सुनांनीच का वाहायचा? आणि घरातल्या बाकी सगळ्यांनी पोरीला तिच्या बारशाच्या नावानंच हाक मारायची, असं आजच ठरवा. लहानपणी चिकटलेलं नाव मोठेपणी सुटत नाही.

जाता जाता आणखी एक सांगते. कॅरोलिन हर्शेल नावाची एक बाई जर्मनीतून भावाचं घर सांभाळायला इंग्लंडला गेली. घरकाम उरकून ती दुर्बिणीशी बसे. १ ऑगस्ट १७८६ ला तिला पहिला धूमकेतू सापडला. पुढं तिच्या नावावर असे आठ धूमकेतू जमा झाले. अमेरिकेतल्या कॅरोलिन शूमेकर यांनी तर मुलं मोठी झाल्यावर, पन्नाशी उलटल्यावर हे काम हाती घेतलं आणि बत्तीस धूमकेतू शोधले.

शेंडेफळाचं आपण केवढं कौतुक करतो! मग या नातीनंच काय घोडं मारलंय? उद्या ती विचारील, “आजी, मी जन्मले तेव्हा आकाशात काय होतं गं?” तेव्हा आजीनं तिला गच्चीवर नेऊन कौतुकानं सांगावं, एवढंच आपल्याला साधायचं आहे.