पाव्हियाचा राजबंदी

पांचवा चार्ल्स बादशहा २४ फेब्रुवारी १५२५ रोजीं पंचवीस वर्षांचा झाला. तो त्या वेळीं स्पेनमध्यें होता. परंतु इटलींत, पाव्हिया शहराबाहेर, त्याच दिवशीं त्याच्या सेनापतींनीं जी भेट त्याच्यासाठीं मिळविली तशी क्वचितच कोणा राजाच्या वांट्यास आली असेल. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस त्यांच्या हातीं जिवंत सांपडला.

दोघांचें वैर जुनें होतें. १५१९ सालीं बादशहापदासाठीं दोघेही उमेदवार होते; फुगर सावकारांच्या पैशानें चार्ल्सचें पारडें जड झालें. मिलानची गादी तर उभयतांसही हवी होती. १५२४ च्या हिवाळ्याच्या तोंडीं फ्रान्सिसनें मिलान शहर घेऊन पाव्हियास वेढा दिला. चार महिने लोटले, शहर पडेना. पाव्हियाच्या मदतीस आलेलें बादशाही सैन्यही पगार थकल्यामुळें घायकुतीस आलेलें; म्हणून त्यानें रात्रींच्या रात्रीं शिकारबागेची भिंत फोडून चाल केली. फ्रेंच तोफांचा मारा चांगला चालला होता. परंतु राजास शौर्य गाजविण्याचा मोह आवरला नाहीं! सरदारांसह घोडा फेंकीत तो आपल्याच तोफांच्या तोंडासमोर आला आणि गोलंदाजांचे हात बांधले गेले. मग स्पॅनिश बंदूकवाल्यांनीं ते चिलखती स्वार टिपून काढले.

कैदेंतून त्यानें आईस पत्र लिहिलें. सर्व गेलें, अब्रू तेवढी राहिली, असा त्याचा मजकूर लोक सांगतात. मूळ पत्रांत अब्रूबरोबर जीवही राहिल्याचा उल्लेख आहे. पुढील हकीकत पाहतां तो गाळलेला शब्दच आम्हांस अधिक खरा वाटतो.

कारण १४ जानेवारी १५२६ रोजीं माद्रिद येथें बर्गंडी प्रांत देण्याचा करार त्यानें शपथपूर्वक केला, आणि आदल्याच दिवशीं आपल्या विश्वासू माणसांपुढें तो रद्द असल्याचें गुप्तपणें नोंदविलें. ओलीस म्हणून मात्र दोन मुलगे देऊं केले. मार्चमध्यें बिदासोआ नदीवर अदलाबदल झाली: बाप फ्रान्सकडे, आणि आठ व सहा वर्षांचीं तीं पोरें स्पेनकडे. त्यांची आई क्लोद १५२४ सालींच वारली होती. बर्गंडी तर राजानें दिलाच नाहीं. सक्तीनें घेतलेलें वचन बंधनकारक नसतें, असा युक्तिवाद तेव्हां झाला. तो सर्वस्वीं पोकळ होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्याचें व्याज मुलांनीं फेडलें. त्यांचे नोकर काढून घेण्यांत आले, आणि १५२९ मध्यें आजीचा माणूस भेटीस गेला तेव्हां थोरला फ्रेंच भाषाच विसरला होता. दुभाष्यावांचून बोलणें होईना.

शेवटीं गुंता सोडविला तो दोन बायकांनीं. राजाची आई लुईझ आणि बादशहाची आत्या मार्गारेट या नात्यानें नणंदा-भावजया. त्यांनीं १५२९ च्या ऑगस्टांत कांब्रे येथें तह ठरविला. बर्गंडी फ्रान्सकडेच राहिला. वीस लक्ष सुवर्णमुद्रा खंडणी ठरली. १ जुलै १५३० रोजीं मुलें सुटलीं.

थोरला अठराव्या वर्षीं वारला. धाकटा हेन्री १५४७ त राजा झाला. चार्ल्सविषयींचा त्याचा द्वेष कधीं शमला नाहीं. १५५२ सालीं त्यानें मेट्झ शहर घेतलें. तें परत मिळविण्यासाठीं म्हाताऱ्या बादशहानें भर हिवाळ्यांत वेढा घातला आणि रिकाम्या हातांनीं उठविला.