व्यवहार फोनवर, राख दीपनगरला

जळगावच्या सराफ बाजारात क्यूआर कोड, रावेरच्या केळीचे भाव व्हॉट्सॲपवर, धुळ्यात वीजबिल फोनवरून. रांग गेली, दुचाकीची चक्करही वाचली. मग ऑनलाइन व्यवहार वाढले की प्रदूषण घटते, असे म्हणायचे का? हे अर्धेच खरे आहे.

फोनवरचे असे प्रत्येक काम कुठल्या तरी डेटा सेंटरमधून जाते. राज्यातली बहुतेक मोठी डेटा सेंटर मुंबई, नवी मुंबई आणि पुणे परिसरात आहेत. ती चोवीस तास चालतात आणि यंत्रे थंड ठेवायलाही वीज लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार, २०२४ मध्ये जगातली सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरनी वापरली. मागणी वेगाने वाढते आहे.

ग्रिड एकच असल्याने कुठले युनिट कुठे गेले, हे सांगता येत नाही. पण राज्याची बरीचशी वीज अजून कोळशावरच तयार होते आणि त्यातला एक मोठा प्रकल्प भुसावळजवळ दीपनगरला आहे. तिथे ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत, शिवाय ६६० मेगावॉटचा नवा संच. देशी कोळशात साधारण ३० ते ४० टक्के राख असते. म्हणजे एक टन कोळसा जाळला की तीन-चारशे किलो राख उरते. काही विटांना, सिमेंटला जाते. बाकीची वेल्हाळ्याच्या राखेच्या तळ्यात. केंद्राच्या २०२१ च्या अधिसूचनेनुसार राखेचा शंभर टक्के वापर बंधनकारक आहे. तो किती झाला, हे दर महिन्याला गावाच्या फलकावर लागायला हवे.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या, हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत जळगाव आहे. त्याचे खापर फोनवर फोडता येणार नाही. रस्त्यांच्या धुळीबद्दल जळगावकरांना वेगळे सांगायला नको.

साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. पण सूर्य मावळला की तो थांबतो आणि घरोघरी मॅच तेव्हाच सुरू होते. वीज साठवण्याची सोय होईपर्यंत रात्रीचा भार बराचसा कोळशावरच राहणार.

उरला जुना फोन. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक कंपनीची आहे. प्रत्यक्षात तो भंगारात जातो आणि तांब्यासाठी वायर उघड्यावर जाळली जाते. दोन्ही महापालिकांनी प्रभागनिहाय ई-कचरा संकलनाचे दिवस ठरवून जाहीर करावेत. तोवर फुगलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. दाबली गेली तर ती पेट घेते.