मूलद्रव्यांचे कूळ

दहावीच्या विद्यार्थ्याला आवर्तसारणी पाठ असते. परंतु त्या चौकटींतील द्रव्ये आली कोठून, हे त्यास क्वचितच कोणी विचारतो. २०२३ साली एनसीईआरटीने तर दहावीच्या पुस्तकातून हे प्रकरणच वगळले. ते अकरावीत आहेच, हे समर्थन अपुरे होय. सातारा-सांगलीकडील कित्येक मुले दहावीनंतर कला, वाणिज्य वा आयटीआयकडे वळतात. विज्ञानाशी त्यांची ती अखेरची भेट ठरते.

आपल्या राज्याने २०१८ च्या पुस्तकांत आठवीला ताऱ्यांची जीवनयात्रा व दहावीला आवर्ती वर्गीकरण दिले, हे योग्यच झाले. उणीव आहे ती या दोहोंना सांधणाऱ्या दुव्याची. हायड्रोजन व बहुतेक हेलियम विश्वारंभीचे. कार्बन, ऑक्सिजन ताऱ्यांच्या गर्भात घडलेले. १९५७ साली बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉइल यांनी या घडणीची सुसंगत मांडणी केली. त्याच हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मले. लोहापाशी मात्र ताऱ्याचा ताळेबंद फिरतो: पुढील संमीलनात ऊर्जेचा खर्चच अधिक. म्हणून महाकाय तारा अखेर कोसळतो. किर्लोस्करवाडीच्या नांगराचे लोखंडही कधीकाळी ताऱ्यांच्या स्फोटांतूनच विखुरले होते.

हे शिकविण्यास प्रयोगशाळा लागत नाही, खडू-फळा पुरतो. लागतात दोन तासिका आणि परीक्षेत एक प्रश्न. कारण जे परीक्षेत नाही, ते वर्गातही नाही, हाच आपल्या शिक्षणाचा बाजारनियम आहे. मंडळाने तो ध्यानी घेऊन एवढी तरतूद करावी.